शेवळाची जुडी आणि मूठभर काकडं

पुष्कळ वर्षं झाली. इतकी, की त्या राज्याचं नाव आठवणारं आता कुणी उरलेलं नाही. पण तिथे जे घडलं ते लहानांनी ऐकावं, आणि मोठ्यांनी तर ऐकावंच, कारण हुकूम मोठेच काढतात.

त्या राज्यात एक राजा होता. राजा वाईट नव्हता. वाईट राजांच्या गोष्टी सोप्या असतात. ही तशी नाही. राजाला खायला आवडे, माणसं आवडत आणि नीटनेटकेपणा आवडे. पहिल्या दोन आवडींनी कुणाचं वाकडं झालं नाही. तिसरीने मात्र सगळ्या राज्याला घोर लावला.

राजधानीत रोज बाजार भरे. माठाच्या जुड्यांशेजारी फणस, फणसाला टेकून उसाच्या मोळ्या, मोळ्यांच्या सावलीत हळदीची रास आणि राशीवर कुणाची तरी शेळी. घासाघीस चाले, भांडणं होत, आणि दुपारपर्यंत सगळा माल घरोघरी जाऊन चुलीवर चढे. या बाजारात काही बिघडलेलं आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. मग एके दिवशी बारा वर्षं परदेशी शिकून एक पंडित परत आला.

पंडिताने वनस्पतींचा अभ्यास केला होता, आणि खरा केला होता. तो ढोंगी नव्हता, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे त्याच्यावर अन्याय होईल. त्याने चाळीस हात लांबीचं कापड आणलं होतं आणि त्यावर जगातल्या वनस्पतींची चित्रं गटागटाने काढली होती. कापड दरबारात उलगडलं तेव्हा ते मावेना. राजाला पाय वर घेऊन बसावं लागलं.

"महाराज," पंडित म्हणाला, "झाडं, झुडपं, वेली, गवतं, कंद, पाला आणि फुलं. जग एवढंच आहे. बाकी सगळा पसारा."

राजाने विचारलं, केळ कुठे आहे. पंडिताने ती पाल्याच्या गटात दाखवली. राजा म्हणाला, केळ तर झाड आहे. पंडिताने समजावलं की झाडाला लाकूड असतं आणि केळीला ते नसतं. तिचा बुंधा म्हणजे एकात एक गुंडाळलेली पानं. दरबारात केळीचा एक खांब आणून सोलून पाहिला. खरंच आत लाकूड निघालं नाही. मग पंडिताने सांगितलं की बांबू हे गवत आहे, ऊसही गवत आहे आणि भातही गवतच आहे. तेही खरं होतं. लवंग ही न उमललेली कळी, म्हणून ती फुलांत. हेही खरं. राजा थक्क झाला. आपण इतकी वर्षं गवत खात होतो आणि आपल्याला कुणी सांगितलं नाही, याचं त्याला वाईट वाटलं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. ज्ञान दरबारात आलं होतं, त्याला पाट-पाणी द्यायचं आणि त्याच्याकडून शिकायचं. पण राजाला ते आवरून ठेवायची घाई झाली. त्याने हुकूम काढला: गट सात, वार सात, बाजाराच्या वेशीही सात. ज्या गटाचा वार, त्या दिवशी त्याच गटाचा माल त्याच्याच वेशीतून आत येईल. दोन गटांचा माल एका टोपलीत दिसला तर टोपली जप्त. पंडिताला आठवा गट हवा होता, अळंब्यांसाठी. त्या कशातच बसत नव्हत्या. पण वार सातच. तेव्हा अळंब्या नाहीतच, असं ठरलं.

मग जे व्हायचं ते झालं. आमटीला तूर लागते, ती झुडपांच्या दिवशी मिळे. हळद कंदांच्या दिवशी, कोथिंबीर पाल्याच्या दिवशी आणि चिंच झाडांच्या दिवशी. सोमवारी मनात आलेली आमटी रविवारी शिजू लागली. ऊस गवताच्या वेशीत गेल्यामुळे तो घ्यायला आलेली पोरं बैलांच्या रांगेत उभी राहू लागली, आणि बैल पोरांपेक्षा शिस्तीत उभे राहतात असा शेरा तिथल्या नाकेदाराने वहीत मारला. वेलींच्या वेशीतला अधिकारी फार उत्साही होता. वेल म्हणजे टांगलेली, असं त्याचं मत. त्याने सगळे दुधी आणि कोहळे मांडवाला टांगायला लावले. दुधी टिकले. कोहळ्याने दोन गिऱ्हाइकं आडवी केली.

लोक कुरकुरले, पण राजवाड्यातून उत्तर आलं की सवय होईल. राजवाड्याने स्वतःही नियम पाळला, एवढं त्यांच्या बाजूने म्हणता येईल. मुदपाकखान्याच्या कोठीचे सात भाग केले, सात कुलपं लावली, सात कोठीदार नेमले. चिंच, आवळा, लिंबू, आमसूल, म्हणजे राजवाड्यातलं जे जे आंबट, ते सगळं झाडांच्या कोठीत गेलं. ती कोठी फक्त सोमवारी उघडे. एरवी ती उघडायची तर राजाने स्वतःच्या तोंडाने हुकूम द्यायचा, असं कलम होतं.

आता बुधीची गोष्ट.

बुधी डोंगरावर राहायची. वय कुणी मोजलं नव्हतं. एकटीच होती. वर्षातले तीन आठवडे, ज्येष्ठ सरता सरता जमीन ओली झाली की, रानात शेवळं उगवतात. पान नाही, फांदी नाही, जमिनीतून नुसता जांभळट-तपकिरी कोंब भाल्यासारखा वर येतो. बुधी ती शेवळं खुडून, जुड्या बांधून सात कोस चालत राजधानीत आणायची. तीन आठवड्यांच्या विक्रीत ती वर्षभराचं मीठ आणि पुढच्या चार महिन्यांचं धान्य घेऊन जायची. हे तीन आठवडे चुकले तर मग आषाढ ते आश्विन खायचं काय, याला तिच्याकडे उत्तर नव्हतं.

शेवळाची भाजी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना ती किती चवदार असते हे सांगायला नको. ज्यांनी ती चुकीची शिजवलेली खाल्ली आहे त्यांना तर काहीच सांगायला नको. शेवळ खाजरं असतं. ते घशाला असं धरतं की माणूस गळा बाहेर काढून खाजवावा म्हणतो. त्यावर इलाज म्हणजे काकडं. काकड नावाच्या रानझाडाची आवळ्यापेक्षा लहान, हिरवी, कचकचीत आंबट फळं. ती ठेचून त्यांचा रस भाजीत घातला की शेवळाची खाज मरते. शेवळं आणि काकडं एकाच वेळी तयार होतात. रानाने ती सोय करून ठेवली आहे.

बुधीची रीत अशी होती की प्रत्येक जुडीवर ती मूठभर काकडं ठेवायची. त्यांचे वेगळे पैसे घ्यायची नाही, आणि काकडांशिवाय जुडी द्यायची नाही. तिच्या आईचीही हीच रीत होती. गिऱ्हाइकांना वाटे की ही म्हातारीची दिलदारी. राजवाड्याच्या आचाऱ्यालाही तसंच वाटे. काकडं का घालायची हे त्याला ठाऊक नव्हतं. टोपलीतून जे येई ते सगळं तो पातेल्यात घाली आणि शाबासकी घेई. अशा रीतीने सगळी राजधानी वर्षानुवर्षं शेवळं खात होती आणि शेवळं कशी खायची हे त्या राजधानीत कुणालाच माहीत नव्हतं.

त्या वर्षी बुधी गुरुवारी येऊन पोचली. गुरुवार फुलांचा. ती फुलांच्या वेशीतून आत जायला लागली तर नाकेदाराने काठी आडवी घातली.

त्याने टोपली उपसली आणि पंडिताच्या यादीत पाहिलं. शेवळ हे पानाचं नाही, कंदाचं नाही, तो फुलोरा आहे, असं यादीत स्पष्ट होतं. म्हणजे फूल. बरोबर वाराला आली होती म्हातारी. पण खाली काकडं निघाली. काकड म्हणजे झाडाचं फळ. त्याचा वार सोमवार.

"दोन गट एका टोपलीत," नाकेदार म्हणाला. "काकडं जप्त."

"मग शेवळं पण नाय विकायची मला," बुधी म्हणाली. "परत जाते."

"परत कशी जाशील? शेवळं राजवाड्यात मागवलीयत. आज व्याही यायचेत."

"काकडाबिगर शिजवलं तं घसा धरंल, दादा. एकाचा नाय, समद्यांचा."

"म्हातारे, फुलांनी घसा धरत नाही. फुलं देवाला वाहतात."

"ही वाहून बघ. देव पण खाजवत बसंल."

नाकेदाराला हसू आलं, पण तो कामावर होता. त्याने काकडं ओढून घेऊन झाडांच्या बंद कोठीच्या झरोक्यातून आत टाकून जमा केली आणि शेवळाची टोपली एका शिपायाच्या डोक्यावर देऊन राजवाड्यात पाठवली. बुधी म्हणाली, निदान आचाऱ्याला निरोप तरी दे, की काकड नसेल तर चिंच घाल. नाकेदार निरोप घ्यायला तयार झाला. तसा तोही वाईट नव्हता. त्याने निरोप वहीत लिहिला आणि फुलांच्या कचेरीत पाठवला.

फुलांच्या कचेरीने निरोप वाचला. त्यात चिंचेचा उल्लेख होता. त्यांनी तो झाडांच्या कचेरीकडे धाडला. झाडांच्या कचेरीने पाहिलं, निरोप शेवळाबद्दल आहे, म्हणजे फुलांचा. त्यांनी तो परत पाठवला. दोन्ही कचेऱ्यांनी अतिशय तत्परतेने काम केलं. प्रत्येक फेरीला शिक्का बसला. निरोप मुदपाकखान्यात पोचला तो शनिवारी.

जेवण गुरुवारी दुपारी होतं.

पंगत मोठी होती. राजकन्येचं लग्न ठरवायला शेजारच्या राज्यातून व्याही आले होते, सोबत त्यांचे सरदार आणि भालदार. आमच्याकडची शेवळाची भाजी तुम्ही जन्मात खाल्ली नसेल, असं राजाने त्यांना तीन वेळा सांगून ठेवलं होतं. हे मात्र पुढे अगदी खरं ठरलं. राणीसाहेबांचा गुरुवारचा उपास होता. त्या दूध घेऊन बाजूला बसल्या होत्या.

आचाऱ्याकडे टोपली आली, त्यातून पंगतीला लागतील तेवढी शेवळं त्याने पातेल्यात घातली. यंदा म्हातारीने काकडं दिली नाहीत, चिक्कू झाली, एवढंच तो म्हणाला.

भाजी वाढली गेली. राजाने मोठा घास घेतला, व्याह्यांनी त्याहून मोठा. चव छान होती. मग, चार घास झाल्यावर, पंगत हळूहळू गप्प झाली.

प्रत्येकाला वाटलं की आपल्यालाच काहीतरी झालंय. राजाच्या पंगतीत राजाआधी हात थांबवायचा नाही, अशी पद्धत होती, म्हणून सगळे खात राहिले. राजाला वाटलं, पाहुण्यांआधी आपण कसे थांबणार, म्हणून तोही खात राहिला. पंडिताचे डोळे वाहू लागले. शेजाऱ्याने ते अश्रू राजकन्येच्या लग्नाच्या विचाराने असावेत असं समजून त्याच्या पाठीवर हात ठेवला. व्याहीबुवांना भाषणाची हौस होती. ते भरल्या घशाने उठून उभे राहिले. "आपल्या दोन्ही घराण्यांमधला हा गोड..." एवढं बोलून ते थांबले, दोन्ही हातांनी गळा धरला आणि खाली बसले.

मग कुणी कुणाची वाट पाहिली नाही. सरदार ताक प्याले, तूप प्याले, एकाने शिंपडायला ठेवलेलं गुलाबपाणी पिऊन पाहिलं. खाज वाढतच गेली. राजवैद्यही पंगतीलाच होता; तो स्वतःचा घसा धरून दुसऱ्या वैद्याला हाका मारायचा प्रयत्न करत होता. पाहुण्यांच्या भालदारांनी भाले उचलले. आपल्या राजाला विष घातलं गेलंय, याबद्दल त्यांना शंका उरली नव्हती.

तेवढ्यात गलका ऐकून धावत आलेल्या नाकेदाराने, कुणी विचारायच्या आत, बुधीचं नाव सांगितलं.

तिला शोधायला लांब जावं लागलं नाही. ती वेशीतच बसली होती. पळून जायला तिच्याकडे कारण नव्हतं, आणि तिची टोपली आत होती. तिला दरबारात उभी केली. पाहुण्यांना विष घालणाऱ्याला कडेलोट, असा त्या राज्याचा कायदा. तो पंडिताने वाचून दाखवला, पण त्याचा आवाज मोडक्या रहाटासारखा येत होता, त्यामुळे अर्ध्या दरबाराला तो कळलाच नाही. बुधीला कळला. ती खाली बसली.

"मी सांगितलं होतं," ती नाकेदाराला म्हणाली. "सांग की बाबा. तुझ्या तोंडाने सांग."

नाकेदाराने वही उघडली, पाहिली आणि मिटली. नोंद आहे, तो म्हणाला, पण ती आता माझ्याकडे नाही, कचेरीत आहे.

ज्या दरबारात एकाही माणसाला धड बोलता येत नव्हतं, तिथे एकच आवाज शाबूत होता. राणीसाहेबांनी विचारलं, "बाई, याला उतारा आहे का?"

"हाय की. काकडं. नायतर चिंच. आंबट काय पण चालंल."

झाडांच्या कोठीच्या कोठीदाराला बोलावलं. त्याने नम्रपणे सांगितलं की आज गुरुवार. कोठी सोमवारी उघडेल. महाराजांनी स्वमुखाने हुकूम दिला तर आत्ता उघडता येईल, तसं कलम आहे.

राजाने तोंड उघडलं. त्यातून लाकूड कापल्यासारखा आवाज आला.

"हुकूम समजला नाही, महाराज," कोठीदार म्हणाला.

राजाने पुन्हा प्रयत्न केला. मग हातवारे केले. मग कोठीकडे बोट दाखवून पाय आपटले. कोठीदाराने कलम पुन्हा वाचलं. हाताने, पायाने असं त्यात कुठेच नव्हतं. राजा रडकुंडीला आला. आपल्या आवरण्याच्या हौसेतून काय तयार झालंय हे त्याला पहिल्यांदा दिसत होतं, आणि ते दिसल्यावर सांगायला त्याच्याकडे घसा नव्हता.

राणीसाहेब उठल्या. मुदपाकखान्यात गेल्या, खलबत्त्यातला बत्ता घेतला आणि कुलूप फोडलं. बत्ता कोणत्या गटात येतो, हे विचारायचं धाडस कुणी केलं नाही.

काकडं आली. आधी व्याह्यांना दिली, मग राजाला, मग पंगतीला. लोक ती कच्चीच चोखू लागले. दात आंबले, तोंडं वाकडी झाली आणि घसे हळूहळू सुटले. व्याहीबुवांनी पहिला शब्द उच्चारला तो इथे लिहिण्यासारखा नाही.

पण बुधीवरचं संकट टळलं नव्हतं. उलट, घसा सुटताच पंडित बोलू लागला. तो म्हणाला, महाराज, उतारा हिला नेमका ठाऊक होता. ज्याला उतारा ठाऊक, विषही त्याचंच. दरबाराला ते पटलं. शहाण्या माणसाने सुरात सांगितलेली गोष्ट दरबाराला नेहमीच पटते. भालदार पुढे सरकले.

बुधी म्हणाली, "उरलेली शेवळं आणा. चूल पेटवा. मी शिजवते आणि पयली मीच खाते. मेले तं तुमचा कडा वाचला."

दरबारातच चूल मांडली. तिने शेवळाच्या खालचा पिवळा दाणेदार भाग काढून टाकला, कारण खाजेचं मूळ तिथे असतं. आचारी ते आ वासून पाहत होता; इतकी वर्षं तो भाग बुधीच विकताना काढून देत असे, आणि आज जप्तीच्या गडबडीत टोपली तशीच गेली होती. तिने शेवळं बारीक चिरली, काकडं ठेचून उकळून त्यांचा रस पिळला, आणि दोन्ही एका पातेल्यात घातलं. एक फूल आणि एक फळ, गुरुवार आणि सोमवार. पातेल्याने काही हरकत घेतली नाही.

ती जेवली. सगळे तिच्या घशाकडे बघत होते. ती पाणीसुद्धा न पिता जेवली आणि बोटं चाटली. मग तिने पंडितापुढे वाडगा धरला. पंडित राजाकडे बघू लागला. राजा म्हणाला, "खा."

त्याने भीतभीत एक घास घेतला. वाट पाहिली. दुसरा घेतला. तिसऱ्याला वाट पाहिली नाही. तोवर व्याहीबुवांनी आपलं ताट पुढे सरकवलं होतं.

वाडगा पुसून झाल्यावर पंडित खरोखरच गोंधळून म्हणाला, "पण यांचा संबंध काय? एक जमिनीतून येतं, दुसरं उंच झाडावर लागतं. रंग वेगळा, रूप वेगळं, कूळ वेगळं. कोणत्याच गटात ही दोन शेजारी बसत नाहीत."

"माझ्यात बसतात," बुधी म्हणाली.

राजाने विचारलं, "तूही गट पाडतेस?"

"पाडल्याबिगर रानात जगता येतं व्हय, राजे? खाजरी एक गट. खाज मारणारी त्यांच्या शेजारी. बाळंतिणीची निराळी. दुसरा पाऊस झाल्याबिगर हात लावायचा नाय, ती निराळी. दुष्काळात खायची आणि एरवी सोडून द्यायची, ती निराळी." ती पंडिताकडे वळली. "दादा, तुमचं चुकलं नाय. शेवळ फूलच हाय. पण तुम्ही बघून गट केले. आमी खाऊन केले. काहींनी खाऊन जीव दिले, तवा कळलं."

पंडिताने मान खाली घातली. तो ढोंगी नव्हता, हे मी आधीच सांगितलं आहे. ढोंगी असता तर त्याने वाद वाढवला असता.

राजाने त्याच दिवशी सात वेशींचा हुकूम रद्द केला, आणि तो स्वमुखाने केला. बाजार पुन्हा एकत्र भरू लागला, शेळीसकट. अळंब्या पुन्हा अस्तित्वात आल्या. बुधीला पुढच्या चार महिन्यांचं धान्य राजवाड्यातून द्यावं असं राजा म्हणाला. ती म्हणाली, द्या, पण माझे तीन आठवड्यांतले दिवस राह्यलेत, मला शेवळं विकू द्या. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बाजारात होती. यंदा लोक जुडी घेताना काकडं कशाला, हे विचारत होते, आणि ती प्रत्येकाला सांगत होती.

पंडिताला शिक्षा झाली ती अशी, की वर्षभर बुधीबरोबर रानात हिंडायचं, तिची टोपली वाहायची, आणि एखादी वनस्पती कापडावर लिहिण्याआधी ती तिला विचारून चाखून पाहायची. पहिल्या महिन्यात तो दोनदा आजारी पडला. बुधी त्याला वरून म्हणायची, "विचारून चाख म्हणलं होतं, दादा. नुसतं चाख नव्हतं म्हणलं." वर्षाअखेर तो वाळून परत आला, काळा पडलेला, हातांना ओरखडे. त्याचे सात गट त्याने सोडले नाहीत. ते खरेच होते. पण कापडावर त्याने एका गटातून दुसऱ्या गटात जाणारे शेकडो दोरे शिवले होते. कशाबरोबर काय खायचं, कशाचा उतारा काय, काय कुणाच्या सावलीत वाढतं. आता त्या कापडाकडे पाहिलं तर आधी दोरेच दिसत, गट मागाहून दिसत.

लग्न ठरलं. व्याह्यांनी हुंड्यात काही मागितलं नाही, दरवर्षी ज्येष्ठात जेवायला बोलवा एवढंच मागितलं.

आणि नाकेदाराचं काय झालं, असं कुणी विचारेल. काही झालं नाही. नाकेदारांचं काही होत नसतं. त्याने निरोप नोंदवला होता, कचेऱ्यांनी तो वेळेत पुढे पाठवला होता, सगळ्या कागदांवर शिक्के होते. चौकशी झाली तेव्हा एकाही माणसाची एकही चूक सापडली नाही. फक्त एक म्हातारी कड्यावरून जाता जाता राहिली.

तात्पर्य: गट पाडणं ही जाणून घेण्याची सुरुवात आहे; पण ज्याला आधीच ठाऊक आहे त्याला न विचारता त्या गटांचाच हुकूम केला, तर शहाणपणही घशात अडकतं.